ट्रान्स माजी सैनिक आणि कैदी यांच्या उपचारांचा खर्च सरकारने का करावा?

शेवंती | ८ जून २०२५, ०७:४०

मी अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात अकरा वर्षं फार्मसिस्ट आहे. इथे या खात्याला सगळे नुसतं 'व्हीए' म्हणतात. मार्चपासून मनात साचलेलं आज लिहायला बसले, कारण परवा मंगळवारी वॉशिंग्टनच्या एका न्यायाधीशांनी ट्रान्स कैद्यांबद्दल निकाल दिला, आणि त्यावर इथल्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर जे लिहिलं गेलं ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

आधी सैनिकांचं सांगते. १७ मार्चला व्हीएने जाहीर केलं की जेंडर डिस्फोरियाचे उपचार टप्प्याटप्प्याने बंद होणार. जेंडर डिस्फोरिया म्हणजे जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि आतून जाणवणारं लिंग यांचा मेळ न बसल्यामुळे होणारी तीव्र घालमेल. जे आधीपासून व्हीएकडून हार्मोन घेत आहेत, किंवा नोकरीत असताना सैन्याकडून घेत होते, त्यांचे चालू राहतील. नव्याने कुणालाही मिळणार नाहीत. सचिव डग कॉलिन्स यांची भूमिका अशी की ज्यांना हवं त्यांनी पदरमोड करून करावं. वाचलेला पैसा अर्धांग झालेल्या आणि हातपाय गमावलेल्या सैनिकांकडे वळवू, असंही खात्याने सांगितलं.

किती पैसा? खात्याच्याच सांगण्यानुसार, नोंदणी असलेल्या ९१ लाख माजी सैनिकांत ट्रान्स व्यक्ती एक दशांश टक्क्याहूनही कमी आहेत. म्हणजे फार तर नऊ हजारांच्या आसपास. त्यातले सगळे हार्मोन घेतात असंही नाही. आणि शस्त्रक्रिया? ती व्हीएने कधी दिलीच नाही. १९९९ पासून नियमातच ती वगळलेली आहे. जून २०२१ मध्ये तेव्हाचे सचिव डेनिस मॅकडॉनो यांनी नियम बदलायची प्रक्रिया सुरू करतो असं जाहीर केलं, पण बायडन यांची कारकीर्द संपली तरी नियम जागचा हलला नाही. तरीही ग्रुपवर लोक छातीठोकपणे लिहितात की 'आपल्या टॅक्समधून यांची ऑपरेशनं चालली होती'.

मला सर्वात जास्त काय लागलं ते सांगते. आमच्या फार्मसीत एस्ट्रॅडिओलच्या, म्हणजे स्त्री-हार्मोनच्या, गोळ्या एकाच फडताळात असतात. पाळी जाताना अंगातून वाफा येणाऱ्या, झोप उडालेल्या माजी सैनिक बाईला मी त्याच गोळ्या देते. टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे पुरुष-हार्मोनच्या, कुपीचंही तसंच. साठीच्या पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी आलं की डॉक्टर चिठ्ठी लिहितात, मी औषध देते, विषय संपतो. औषध तेच, कंपनी तीच, किंमत तीच. आता खिडकीपलीकडचा माणूस कोण आहे यावर मला नाही म्हणावं लागतं.

एक बाई आहेत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते आहे. दोनदा इराकला जाऊन आलेल्या. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा डॉक्टरांशी मोकळेपणी बोलल्या, आणि त्यांची अपॉइंटमेंट लागली ती नेमकी एप्रिलची. मार्चच्या शेवटी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, "माझं नाव आधीच्या यादीत धरलंय ना?" धरलं नव्हतं.

माझं मत सांगून थांबते. एकाने शपथ घेऊन आपलं शरीर देशाच्या हवाली केलं. दुसऱ्याचं शरीर देशाने कुलपात ठेवलं. दोघांच्याही दुखण्याची जबाबदारी देशावर येते, आणि दुखणं खरं की खोटं हे डॉक्टरने ठरवायचं असतं. तुम्हाला काय वाटतं? विरोधी मत असेल तर तेही लिहा, फक्त माणसांबद्दल बोलतोय हे लक्षात असू द्या.

फौजीपोर | ८ जून २०२५, ११:१५

शेवंतीताई, तुम्ही विरोधी मत लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

मी साताऱ्याकडचा. वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या पट्ट्यात घरटी एक तरी फौजी. वडिलांना घेऊन मी इसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकला गेल्या वर्षभरात तीसेक वेळा गेलो असेन. सकाळी सहाला गाव सोडायचं, टोकन घ्यायचं, दुपारी एकला कळायचं की निम्मी औषधं शिल्लक नाहीत. गुडघ्याच्या रेफरलला चार महिने गेले. तो गुडघा वडिलांनी सैन्यातच घालवला, उंचावरच्या पोस्टिंगमध्ये.

मला ट्रान्स लोकांचा राग नाही. पण रांग इतकी लांब असताना आधी कुणाला घ्यायचं हा प्रश्न खोटा नाही. पाय गेलेला जवान आणि हार्मोन हवे असलेला जवान यांत मी पायवाल्याला आधी घेईन. दुसरं असं की पाय सैन्यामुळे गेला. ट्रान्स असणं सैन्यामुळे आलेलं नाही.

दवबिंदू | ८ जून २०२५, ११:५२

वाचतेय. चांगला धागा. शेवंती, त्या बाईंचं पुढे काय झालं ते कळलं तर नक्की लिहा.

शेवंती | ८ जून २०२५, १९:०५

फौजीपोर, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. माझे आजोबाही मराठा रेजिमेंटमध्ये होते, त्यामुळे ती रांग मी लहानपणी पाहिलेली आहे.

>> ट्रान्स असणं सैन्यामुळे आलेलं नाही.

खरंय. पण बाबांना मधुमेह असेल तर तोही सैन्यामुळे आलेला नाही, आणि इसीएचएस त्याची औषधं देतंच. व्हीएचंही तसंच आहे. नोंदणी झालेल्या माजी सैनिकाचा रक्तदाब, मोतीबिंदू, कॅन्सर सगळं बघितलं जातं. त्यातलं काय काय रणांगणावर झालं असं विचारून औषध द्यायचं म्हटलं तर माझी खिडकी निम्मी रिकामी होईल.

रांगेबद्दल. सेवेत असलेल्या सैनिकांसाठी रँड या संस्थेने २०१६ मध्ये हिशोब मांडला होता: अशा उपचारांमुळे वर्षाला २४ लाख ते ८४ लाख डॉलर जास्त लागतील, म्हणजे सेवेतल्या सैनिकांच्या आरोग्यखर्चात ०.०४ ते ०.१३ टक्के वाढ. पुढे पेंटॅगॉननेच या वर्षी आकडा दिला की २०१५ ते २०२४ या सगळ्या काळात मिळून ५ कोटी २० लाख डॉलर गेले. इथल्या लष्कराच्या आरोग्यावर दरवर्षी अब्जावधी डॉलर खर्च होतात, त्यापुढे हे धरा. रांग लांब आहे कारण डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत. वड्याचं तेल वांग्यावर काढू नये, इतकंच माझं म्हणणं.

फौजीपोर | ८ जून २०२५, २१:३०

मधुमेहाचं पटलं. बाबांना आहेच मधुमेह. रांगेचं अजून पूर्ण पटलेलं नाही, पण आकडे बघून विचार करतो.

कातळफूल | ९ जून २०२५, ००:१०

माजी सैनिकांचं मी मान्य करते. कैद्यांचं मान्य करणार नाही, आणि का ते लिहिणार आहे.

माझ्या मामाचा चौदा वर्षांपूर्वी जमिनीच्या वादातून खून झाला. ज्याने केला तो जन्मठेप भोगतो आहे. मध्ये त्याच्या हृदयाचं ऑपरेशन सरकारी खर्चाने झालं. मामीला हे गावातल्या माणसाकडून कळलं. मामी आजही ब्लाउज शिवून घर चालवते, आणि तिच्या स्वतःच्या गर्भाशयाच्या पिशवीचं ऑपरेशन तिने भिशीच्या पैशातून केलं.

हा धागा वाचून मी अमेरिकेतल्या कैद्यांची प्रकरणं शोधून वाचली. मॅसॅच्युसेट्सच्या मिशेल कोसिलेकने १९९० मध्ये स्वतःच्या बायकोचा खून केला होता. २०१२ मध्ये न्यायाधीशाने आदेश दिला की सरकारने तिची शस्त्रक्रिया करावी. कॅलिफोर्नियात शायलो क्वाइन, तीही खुनासाठी जन्मठेपेत, जानेवारी २०१७ मध्ये तिची शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने झाली. अमेरिकेत तसं पहिल्यांदाच झालं म्हणतात. मेलेल्या माणसाच्या मुलीने जाहीरपणे विरोध केला होता. त्या मुलीचं ऐकायला कोणतं कोर्ट होतं? कृपा करून मला कलमं सांगू नका. मला हे माणूस म्हणून समजावून सांगा.

सनद | ९ जून २०२५, १०:४५

कातळफूल, मी वकील आहे. कलमं सांगू नका म्हणालात, त्यामुळे कलम न सांगता एका माणसाची गोष्ट सांगतो. ती जुनी आहे आणि तिचा लिंगाशी काही संबंध नाही.

टेक्सासच्या तुरुंगात गॅम्बल नावाचा कैदी होता. १९७३ मध्ये ट्रकमधून माल उतरवताना त्याच्या अंगावर कापसाची गठडी पडली. पाठ दुखते म्हणून तो काम करेना, तर त्याला एकांतकोठडीत टाकलं. त्याने हाताने अर्ज लिहिला. तो वर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७६ मध्ये न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा: मोकळा माणूस दुखलं तर डॉक्टरकडे जातो, उसनवारी करतो, शेजाऱ्याला हाक मारतो. कैद्याला यातलं काहीही करता येत नाही. तुरुंगाने उपचार केले नाहीत तर ते होणारच नाहीत. म्हणून गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून काणाडोळा करणं ही क्रूर शिक्षा ठरते. गॅम्बल स्वतः मात्र त्या खटल्यात हरला, कारण त्याला डॉक्टरांनी बऱ्याच वेळा तपासलं होतं. तत्त्व राहिलं.

तुमच्या मामाच्या खुन्याचं हृदयाचं ऑपरेशन याच तत्त्वावर झालं. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा प्रकरणात १९७८ मध्ये सांगितलं की तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क काढून ठेवले जात नाहीत. न्यायालयाने त्या माणसाचं स्वातंत्र्य काढून घेतलं. त्याला हार्ट अटॅकने मरू द्यावं अशी शिक्षा न्यायालयाने दिलेली नव्हती.

आता तुम्ही काढलेली प्रकरणं. कोसिलेक २०१२ ला जिंकली, पण २०१४ च्या डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो आदेश फिरवला. डॉक्टरांमध्ये मतभेद होते, तुरुंग हार्मोन आणि समुपदेशन देत होता, तेवढं पुरेसं आहे असं बहुमत म्हणालं. आयडाहोच्या ॲड्री एडमोचं उलट झालं. हार्मोन मिळत होते, तरी तिने तुरुंगात दोनदा स्वतःवर ब्लेड चालवलं. २०१९ मध्ये पश्चिमेकडच्या अपील न्यायालयाने शस्त्रक्रियेचा आदेश कायम केला आणि जुलै २०२० मध्ये ती झाली. तिचा गुन्हा अल्पवयीन मुलावरच्या लैंगिक अत्याचाराचा होता, हे मी लपवणार नाही. २०१९ मध्येच टेक्सासच्या बाजूच्या अपील न्यायालयाने नेमका विरुद्ध निकाल दिला. म्हणजे ट्रान्स कैद्याने मागावं आणि न्यायालयाने द्यावं असं तिथे झालेलं नाही. प्रत्येक वेळी प्रश्न हाच राहिला की गरज वैद्यकीय आहे का.

विस्कॉन्सिनचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. त्या राज्याने २००५ मध्ये कायदाच केला की कैद्यांना हार्मोन किंवा शस्त्रक्रिया यांवर सरकारी पैसा खर्च करायचा नाही. डॉक्टर काहीही म्हणोत. २०११ मध्ये तो रद्द झाला. निकालपत्रात खर्चाचे आकडे आहेत: हार्मोन एका कैद्यामागे वर्षाला ३०० ते १,००० डॉलर. त्याच तुरुंग खात्याने एका बायपासला ३७,२४४ डॉलर मोजले होते. खर्च वाचवणं हे कारण टिकलंच नाही. विधिमंडळाने डॉक्टरच्या हातातून एका विशिष्ट आजाराची चिठ्ठी काढून घेतली, एवढंच उरलं.

शेवंतीताईंनी उल्लेख केलेला ३ जूनचा निकाल न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांचा. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेले, ऐंशी ओलांडलेले गृहस्थ. ट्रम्प यांनी २० जानेवारीला पदावर येताच आदेश काढला होता की केंद्रीय तुरुंगांत असल्या उपचारांवर पैसा खर्च होणार नाही. केंद्रीय तुरुंगांत हार्मोन घेणारे सहाशेहून जास्त कैदी आहेत. लॅम्बर्थ यांनी सध्यापुरतं सांगितलं की हार्मोन चालू ठेवा. त्यांनी घटनेच्या मोठ्या प्रश्नाला हात घातला नाही. त्यांचा मुद्दा साधा होता: चालू औषध अचानक तोडल्यावर माणसाचं काय होईल याचा सरकारने विचार केल्याचं कागदावर कुठे दिसत नाही. शस्त्रक्रियेचा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हताच.

मृताच्या मुलीचं ऐकायला कोणतं कोर्ट होतं, या प्रश्नाचं माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. फौजदारी न्यायव्यवस्थेत पीडिताच्या कुटुंबाला फार थोडी जागा आहे, इथेही आणि तिथेही. ती वाढली पाहिजे. पण ती जागा कैद्याचं औषध काढून मिळणार नाही. आणि एक विचारतो, रागावू नका: मामीने नुकसानभरपाईसाठी अर्ज केला होता का? राज्यात पीडितांसाठी योजना आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. इतकी वर्षं उलटल्याने मुदतीचा प्रश्न येईल, पण कागद घेऊन जा आणि विचारा. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तर अर्ज मी तयार करून देईन.

कातळफूल | ९ जून २०२५, २३:२०

वाचलं. दोनदा वाचलं. 'मरू द्यावं अशी शिक्षा न्यायालयाने दिलेली नव्हती' हे वाक्य मला आवडलेलं नाही, पण खोडताही येत नाही. मामीला आजवर कुणी त्या योजनेबद्दल सांगितलं नव्हतं. व्यनि करते.

मनतज्ज्ञ | १० जून २०२५, १६:००

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, थोडं वैद्यकीय बाजूने.

इथे आणि बाहेरही लोक 'हौस' हा शब्द वापरतात. वर आलेलं एडमोचं उदाहरण पुन्हा वाचा. बंद कोठडीत स्वतःच्या अवयवावर ब्लेड चालवणं ही हौस नसते. माझ्या ओपीडीत तिच्याइतके टोकाचे रुग्ण आले नाहीत, पण स्वतःला इजा केलेले आले आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी ११ मध्ये, ही अवस्था मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. तिला वर्गीकरणात जागा ठेवण्याचं कारणच हे की उपचारांची दारं बंद होऊ नयेत. प्रत्येक ट्रान्स व्यक्तीला शस्त्रक्रिया लागत नाही. काहींना हार्मोनही लागत नाहीत. कुणाला काय हवं हे अनेक भेटींनंतर ठरतं.

ब्रिटनच्या कॅस अहवालाचा दाखला हमखास दिला जातो, म्हणून आधीच सांगतो. एप्रिल २०२४ चा तो अहवाल मुलं आणि किशोरवयीन यांच्या सेवेबद्दल आहे. लहान वयात सावधगिरी बाळगावी हे माझंही मत आहे. पन्नाशीचा माजी सैनिक किंवा जन्मठेपेतला कैदी यांना तो अहवाल लावणं चूक आहे. प्रौढांमध्ये हार्मोननंतर घालमेल आणि उदासी कमी होते असं अनेक अभ्यासांत दिसतं. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडलेल्या, म्हणजे सर्वात भक्कम मानल्या जाणाऱ्या, चाचण्या मात्र फार थोड्या आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

अचानक बंद करण्याबद्दल. ज्यांच्या वृषणांची किंवा बीजकोशांची शस्त्रक्रिया आधीच झालेली आहे, त्यांच्या शरीरात स्वतःचं पुरेसं हार्मोन तयारच होत नाही. त्यांच्या गोळ्या तोडल्या तर हाडं ठिसूळ होऊ लागतात, अंगातून वाफा येतात, मन खचतं. तुरुंगाच्या फाटकावर औषधाची पिशवी काढून घेणाऱ्या शिपायाला हे माहीत नसतं. डॉक्टरला माहीत असायला हवं.

परीघ | १० जून २०२५, २२:४०

आजवर या संस्थळावर फक्त वाचत होतो. आज खातं उघडून पहिल्यांदा लिहितोय. मी ट्रान्स पुरुष आहे, पिंपरीत एका कारखान्यात क्वालिटीला काम करतो.

सैनिक आणि कैदी असे दोन वेगळे विषय वाटतात ना? माझ्यासाठी ते एकाच माणसात आले होते. चेल्सी मॅनिंग, अमेरिकी सैन्यातली सैनिक. ऑगस्ट २०१३ मध्ये गुप्त कागद बाहेर दिल्याबद्दल तिला ३५ वर्षांची शिक्षा झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिने जाहीर केलं की मी स्त्री आहे, मला हार्मोन हवेत. मी तेव्हा डिप्लोमाला होतो. हॉस्टेलच्या मेसमध्ये पेपरात ती बातमी वाचली आणि पेपर घडी करून खोलीवर नेला. मला तिच्या गुन्ह्याबद्दल काही मत नव्हतं. एवढंच वाटलं की सगळं गेलेलं असताना, पस्तीस वर्षं समोर असताना, या माणसाला हेच सांगावंसं वाटलं. मग माझ्या आत जे आहे ते वेड नाही. लष्करी तुरुंगात तिला हार्मोन मिळायला फेब्रुवारी २०१५ उजाडला. शस्त्रक्रियेचं आश्वासन मिळवण्यासाठी सप्टेंबर २०१६ मध्ये तिला उपोषण करावं लागलं. जानेवारी २०१७ मध्ये ओबामांनी शिक्षा कमी केली आणि मे महिन्यात ती सुटली.

आपल्याकडचं सांगतो. विशाखापट्टणमला नौदलात एक खलाशी होत्या. रजेवर असताना त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये नौदलाने त्यांना सेवेतून काढलं, कारण काय तर भरतीच्या वेळचं लिंग आता राहिलं नाही. सात वर्षं नोकरी झाली होती. तेव्हा आपल्याकडे माजी ट्रान्स सैनिकाच्या उपचारांचा प्रश्नच फारसा का ऐकू येत नाही, हे त्यात आलं. दुसरीकडे बीडच्या पोलीस शिपायाचं प्रकरण आठवा. आधी रजा नाकारली, ते कोर्टात गेले, मग सरकारने परवानगी दिली आणि २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. नोकरीही राहिली. त्यांच्या प्रकरणात गुणसूत्रांची वेगळी बाजू होती, पण सरकारला मनात आणलं तर जमतं हे महाराष्ट्राने पाहिलं.

माझं छातीचं ऑपरेशन मी पतपेढीचं कर्ज काढून केलं. हप्ता अजून चालू आहे. ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा सांगतो की सरकारने हार्मोन आणि शस्त्रक्रियेची सोय करावी. २०२२ मध्ये आयुष्मान भारतमध्ये ट्रान्स व्यक्तींसाठी वर्षाला पाच लाखांचं संरक्षण जाहीर झालं. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्र लागतं. ते मी काढलं, बऱ्याच खेपा घालून. कार्ड घेऊन एका मोठ्या रुग्णालयात गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, आत जाऊन विचारून आल्या, आणि म्हणाल्या की हे आमच्याकडे चालत नाही. मागे रांगेत माझ्या कंपनीतला एक जण उभा होता. त्या दिवसापासून मी पुन्हा गेलो नाही.

फौजीपोर दादा, तुम्ही पायवाल्याला आधी घ्या. खरंच घ्या. पण त्याचं झाल्यावर मला 'पुढचा' अशी हाक मारा. आम्हाला रांगेतूनच बाहेर काढतात.

फौजीपोर | ११ जून २०२५, ०६:५०

परीघ, रात्री वाचलं, सकाळी बाबांना वाचून दाखवलं. बाबा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, आमच्या युनिटमध्ये एक स्वयंपाकी होता, त्याला पोरं फार छळायची, एक दिवस तो निघून गेला. नाव आठवत नाही म्हणाले, आणि ते आठवत नाही याचंच त्यांना वाईट वाटत होतं. रांगेबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेतो.

दवबिंदू | ११ जून २०२५, ०९:२०

परीघ, लिहीत राहा.

उंबरठा | १२ जून २०२५, १४:३५

मी एका कारागृहात आठवड्यातून एकदा शिकवायला जाते. कोणतं ते लिहीत नाही. धागा वाचून राहवलं नाही.

तिथे एक ट्रान्स स्त्री कच्ची कैदी आहे, चोरीच्या आरोपात. खटला उभा राहिलेला नाही. आत येऊन सात महिने झाले. बाहेर असताना ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या घेत होती. अटक झाली त्या दिवसापासून गोळ्या बंद. आता चेहऱ्यावर केस येऊ लागलेत, म्हणून ती ओढणीने तोंड झाकून बसते. तुरुंगाच्या डॉक्टरांना मी विचारलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, मॅडम, माझ्याकडे ताप, खरूज, टीबी आणि बीपीची औषधं येतात, हे मी कुठून आणू, आणि कुणाच्या सहीने आणू? तिला वेगळ्या खोलीत ठेवलंय, म्हणजे सुरक्षित आहे, पण दिवसभर एकटी असते.

इथे सगळे अमेरिकेतल्या जन्मठेपेच्या कैद्यांबद्दल बोलताहेत. आपल्या तुरुंगांत २०२२ अखेर पाच लाख त्र्याहत्तर हजार माणसं होती आणि चारातली तीन कच्ची कैदी, ज्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही. ट्रान्स कैदी किती हे तर २०२० पर्यंत मोजतही नव्हते. एका पत्रकाराने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केल्यावर वेगळा रकाना आला.

सनद, मी नक्की काय करू? मला भाषण नको, कागद कुठे द्यायचा ते सांगा.

सनद | १२ जून २०२५, १८:१०

उंबरठा, सांगतो.

पहिलं, तिची जुनी चिठ्ठी मिळवा. घरी, गुरूकडे, मैत्रिणीकडे, किंवा त्या डॉक्टरकडे. ओळखपत्र असेल तर त्याची प्रत. दुसरं, तिच्या सहीने किंवा अंगठ्याने कारागृह अधीक्षकांच्या नावे अर्ज: आधी चालू असलेले उपचार अटकेमुळे खंडित झाले, जिल्हा शासकीय रुग्णालयात तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी आणि औषध पुन्हा सुरू व्हावं. 'हार्मोन द्या' असं सुरुवातीलाच मागू नका, तपासणी मागा. तपासणी नाकारणं कुणालाही अवघड जातं, आणि मग सही सरकारी तज्ज्ञाची येते. तुरुंगाच्या डॉक्टरांची अडचण तिथेच सुटते.

आधार म्हणून २०१९ च्या कायद्याचं कलम १५, ट्रान्स व्यक्तींचे हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा नालसा निकाल, आणि केंद्रीय गृह मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये ट्रान्स कैद्यांबाबत सर्व राज्यांना पाठवलेलं पत्र, ही तीन नावं लिहा. तुरुंग हा राज्याचा विषय असल्याने ते पत्र सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, तरी अधीक्षक ते बाजूला सारत नाहीत. पोच घ्याच. पोचेशिवाय अर्ज म्हणजे हवेत मारलेली हाक. एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. आठ दिवसांत हालचाल नाही झाली तर तिच्या पुढच्या तारखेला वकिलामार्फत न्यायाधीशांसमोर सांगायचं. तिला वकील नसेल तर प्राधिकरण मोफत देतं.

एकटेपणाचंही अर्जात लिहा. सुरक्षेच्या नावाखाली एकांत ही शिक्षाच होते.

मनतज्ज्ञ | १२ जून २०२५, १९:२५

सात महिन्यांच्या खंडानंतर जुना डोस जसाच्या तसा सुरू करू नये. आधी रक्ततपासणी करायला सांगा, यकृत, पोटॅशियम, हार्मोनची पातळी. मनाची स्थितीही कुणीतरी बघायला हवी. आत्महत्येचे विचार येतात का हे तिला थेट विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत.

शेवंती | १९ जून २०२५, ०५:५५

काल इथल्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याचा कायदा कायम केला. आमच्या ग्रुपवर लगेच 'आता सगळंच बंद' असे मेसेज फिरू लागले. तो कायदा १८ वर्षांखालच्या मुलांच्या उपचारांबद्दल आहे. कैदी किंवा माजी सैनिक यांच्याबद्दल त्यात निर्णय नाही. तरी वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते दिसतं. सेवेतल्या ट्रान्स सैनिकांना काढण्याचा जानेवारीतला आदेश ६ मे पासून अमलात येऊ दिलेलाच आहे. म्हणजे सैन्यातून बाहेर पडून आमच्या दारात येणाऱ्यांची संख्या वाढणार.

दवबिंदू, तुम्ही विचारलं होतंत. त्या बाई मागच्या आठवड्यात आल्या होत्या. शहरातल्या एका सेवाभावी दवाखान्यात त्यांचे उपचार सुरू झालेत. गोळ्या महाग नाहीत, डॉक्टरची फी आणि तपासण्या महाग आहेत, त्यासाठी त्यांनी शनिवारचं दुसरं काम धरलंय. आता बाहेरची गोळी आणि आमच्याकडची रक्तदाबाची गोळी एकमेकींना आड येत नाहीत ना, हे बघायला त्या माझ्याकडे आल्या होत्या. ती चिठ्ठी आमच्या खात्याची नाही. तरी मी दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासले आणि कोणती सकाळी, कोणती रात्री ते पाकिटावर लिहून दिलं.

कातळफूल | २१ जून २०२५, २०:१५

सनद यांनी केलेला अर्ज घेऊन मामीबरोबर प्राधिकरणात जाऊन आले. मुदतीबद्दल बघू म्हणाले, पण कागद घेतले. कैद्यांबद्दल माझं मन अजून पूर्ण तयार नाही. उंबरठा यांच्या त्या मुलीला मात्र औषध मिळावं, तिचा तर निकालही लागलेला नाही.

उंबरठा | २४ जून २०२५, १७:४०

जुनी चिठ्ठी तिच्या गुरूकडे मिळाली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून जपून ठेवलेली. आज अर्ज दिला. अधीक्षकांनी वाचला, गृह मंत्रालयाच्या पत्राची प्रत मागितली, ती मी बरोबर नेली होती. पोच मिळाली, शिक्का आणि तारखेसह. जिल्हा रुग्णालयात न्यायला पोलीस पार्टी लागते, ती मिळाली तर सोमवारी तपासणी होईल म्हणाले. मनतज्ज्ञांनी सांगितलेल्या तपासण्यांची यादी तुरुंगाच्या डॉक्टरांनी स्वतः मागून घेतली. तिला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "सोमवारी म्हणजे कितवी तारीख?" मी म्हटलं, तीस.